पालथं ताट

जेवणाच्या टेबलावर कोण कुणाशेजारी बसणार हे ठरवणारा माणूस लाओसच्या व्हिएनतियान शहरात एकच होता, आणि आपली बायको परक्या पुरुषाशेजारी बसून हसते म्हणून आतल्या आत जळणारा माणूसही तोच होता. ग्लेब रोदिओनोविच तुचिन. सोव्हिएत वकिलातीत राजदूतांच्या खालोखालचा अधिकारी. पाठ ताठ, पॅन्टची इस्त्री कडक, आणि मानपानाच्या बाबतीत इतका काटेकोर, की वकिलातीतली मंडळी पाठीमागे त्याला 'फूटपट्टी' म्हणत.

त्याचं असं होतं, की त्यांचे राजदूत लुका इग्नात्येविच हे शहरातल्या सगळ्या राजदूतांत जुने. जो सगळ्यात जुना तो सगळ्यांचा प्रमुख, असा राजदूतांच्या दुनियेतला रिवाज. त्यामुळे कुठल्याही देशाचा राजदूत बदलून निघाला, की निरोपाचं जेवण लुका इग्नात्येविचच्या घरी. आणि जेवण म्हटलं की बसण्याचा क्रम आला. कोणता देश आधी, कोणता नंतर, कोण कधी रुजू झाला, कुणाची बायको कुणाच्या डावीकडे. ग्लेबकडे चामड्याचा एक तक्ता होता, त्याला खाचा होत्या, आणि त्या खाचांत तो नावांची कार्डं सरकवत बसे. नवरा-बायकोला शेजारी बसवायचं नाही, हा नियम तर जगभराचा. शहर एवढंसं, वकिलाती मोजक्या, तेव्हा हिशोब दर वेळी तोच पडायचा. ग्लेबच्या वाट्याला बल्गेरियन राजदूताची बायको यायची आणि जेवणभर तिच्या पित्ताशयातल्या खड्यांची हकीकत यायची. ग्लेबच्या बायकोच्या, रिम्माच्या, वाट्याला यायचा हंगेरीचा प्रभारी राजदूत गेझा सोम्लोई.

म्हणजे तीन वर्षं ग्लेबनंच स्वतःच्या हातानं बायकोला नेऊन त्या माणसाशेजारी बसवलं होतं. तक्रार करायची तर कुणाकडे करणार?

सुरुवातीला त्याच्या काही लक्षात आलं नाही. मग एकदा, मंगोलियाच्या राजदूतांच्या निरोपाला, पित्ताचे खडे ऐन रंगात आले असताना, टेबलाच्या पलीकडच्या टोकाकडून एक हसणं आलं. मोकळं, गळ्यातून आलेलं. कोण बाई ही, म्हणून ग्लेबनं मान वळवली, तर ती रिम्मा. मान मागे टाकलेली, हात गळ्याशी, डोळ्यांत पाणी. असं हसताना त्यानं तिला शेवटचं कधी पाहिलं होतं? त्याला आठवेना. आपल्याच बायकोचं हसणं आपल्याला ओळखू येऊ नये, ही गोष्ट त्याच्या काळजाला जी चावली ती चावलीच.

गेझा देखणा असता तर ग्लेबनं एक वेळ समजून घेतलं असतं. पण काय होतं त्या माणसात? टक्कल, सुटलेलं पोट, दम्याची फुसफुस. बायको वारलेली, सदऱ्याचं एखादं बटण कायम तुटलेलं. शिक्षण मॉस्कोत झालेलं, म्हणून रशियन मात्र अस्खलित, आणि 'र'वर जरा जास्तच जोर. ह्याच्यावर जळायचं, ह्याचीच ग्लेबला जास्त लाज वाटायची, आणि लाज वाटली की तो आणखी जळायचा.

"काय बोलत असता तुम्ही दोघं एवढं?" एका रविवारी सकाळी त्यानं विचारलं. वर्तमानपत्र तोंडासमोर होतं. चार दिवसांपूर्वीचं, पण समोर धरायला बरं.

"काही नाही. तो विचारतो, मी सांगते."

"काय विचारतो?"

"परवा विचारत होता, लहानपणी गावाला थंडीत कुठं झोपायचात. मी सांगितलं, आजी भट्टीच्या वरच्या उबदार कट्ट्यावर झोपायची आणि आम्ही खाली दंगा केला की वरून सूर्यफुलाच्या बियांची टरफलं आमच्या डोक्यात टाकायची. झोपेतसुद्धा नेम चुकायचा नाही तिचा." रिम्मा सांगता सांगता हसायला लागली होती.

"मग? यात हसण्यासारखं काय आहे?"

रिम्माचं हसू तिथंच थांबलं. "काही नाही," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

ग्लेब कागदामागे बसून राहिला. एवढ्या वर्षांच्या संसारात ही आजी त्याला एकदाही भेटली नव्हती. आणि त्या हंगेरियनाला भेटली!

मग त्याच्या डोळ्यांना सवयच लागली. रिम्मानं बाजारातल्या शिंपिणीकडून लाओ रेशमाचा निळा पोशाख शिवून घेतला. तो ती निरोपाच्या जेवणालाच घालते, हे त्याला दिसलं. स्वयंपाकघरात लाल तिखटाचा एक डबा दिसला, त्यावर हंगेरियन अक्षरं.

"हा कुठून आला?"

"गेझानं दिला. रश्श्यात घालून बघा म्हणाला."

"गेझा? सोम्लोई म्हणायला काय झालं?"

"बरं बाबा, सोम्लोईंनी दिला. आता तिखट कमी लागेल का?"

त्या दिवशी त्यानं रस्सा खाल्ला नाही. रिम्मानं दोनदा वाढून घेतला.

वकिलातीच्या आवारात भिंतीला भिंत लागून घरं, तेव्हा अशी गोष्ट लपते थोडीच. कोठीवाला प्रोखर, ज्याच्या ताब्यात वकिलातीची भांडीकुंडी, काटे-चमचे आणि सगळ्यांच्या बातम्या, तो टेबल मांडताना हळूच म्हणायचा, "रिम्मा साव्हेल्येव्हना आज निळ्या रेशमात येणार का हो, ग्लेब रोदिओनिच? नाही, टेबलावरची फुलं त्या रंगाची ठेवावीत म्हटलं. हंगेरीच्या झेंड्यात निळा नसतो ना?"

"तू तुझे चमचे पूस."

"पुसतोच आहे. चमच्यांत तोंड दिसायला हवं, नाही का?"

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि त्याबरोबर आणखीही बरंच काही. त्या वर्षी हंगेरीनं आपल्या हद्दीवरचं काटेरी कुंपण कापून माणसांना पश्चिमेला जाऊ दिलं होतं. त्यांच्या वकिलातीतली जी मंडळी कालपर्यंत सोव्हिएत वकिलातीत घरच्यासारखी ये-जा करत, ती आता दाराशी जरा थबकत होती. सगळं शहर कान टवकारून बसलं होतं, की मॉस्को आता यांच्याकडे कसं बघतं.

लुका इग्नात्येविचनी युनियनची बैठक बोलावली. युनियन म्हणजे पक्ष. परदेशात पक्षाच्या सभेला पक्षाची सभा म्हणायचं नाही, कामगार युनियनची बैठक म्हणायचं, असा जुना दंडक होता. शहरातल्या शेंबड्या पोरालाही खरं ठाऊक होतं, तरी म्हणायचं.

"हे बघा मंडळी," राजदूत म्हणाले, "हंगेरीत काय कापलं आणि काय उघडलं, तो त्यांच्या घरचा प्रश्न. आपण तोंड पाडून बसायचं नाही. वरून स्पष्ट सूचना आहे. वागणूक होती तशीच. एक शब्द इकडचा तिकडे नको, आणि एक खुर्चीही इकडची तिकडे नको. काय, ग्लेब रोदिओनिच?"

"अर्थात," ग्लेब म्हणाला. आणि तो खरोखरच मनापासून म्हणाला.

इंडोनेशियाच्या राजदूतांचा निरोप त्याच आठवड्यात होता. दुपारचं जेवण. सकाळी ग्लेब आरशासमोर टाय बांधत होता आणि रिम्मा निळा पोशाख घालून कानात डूल अडकवत होती.

"आज बरा असेल का दमा?" ती म्हणाली. "मागच्या वेळी फार फुसफुसत होता."

नाव नाही, आडनाव नाही. कुणाचा दमा, हे सांगायचीही तिला गरज वाटली नाही. जसा काही घरातलाच कुणी. ग्लेबच्या हातातली गाठ गळ्याशी आवळली गेली. त्यानं कोट उचलला आणि थेट राजदूतांच्या जेवणघरात गेला.

तक्ता तयार होता. नेहमीचाच क्रम. तो त्याच्यासमोर उभा राहिला. रिम्माचं कार्ड हलवता आलं असतं. पण बायकोचा दर्जा नवऱ्याच्या दर्जाला बांधलेला. तिला खाली सरकवायचं म्हणजे स्वतःलाच सगळ्यांदेखत एक पायरी उतरवणं. ते ग्लेबच्यानं झालं नसतं. मग त्यानं गेझाचं कार्ड उपसलं. तीन खुर्च्या खाली नेलं, नुकत्याच रुजू झालेल्या एका थाई अधिकाऱ्याच्याही खाली खोचलं, आणि रिम्माच्या शेजारी पोलंडचा म्हातारा आणून बसवला. त्याला दोन्ही कानांनी ऐकू येत नसे. गेझा भला माणूस आहे, त्यानं मनाशी म्हटलं, चालवून घेईल.

गेझानं चालवून घेतलंही असतं. पण त्या खुर्चीवर गेझा बसत नसतो, देश बसतो. ही गोष्ट साऱ्या शहरात ज्याला सगळ्यात जास्त कळत होती, त्यानंच ती विसरावी! जळणाऱ्या माणसाची अक्कल कुठं गहाण पडते देव जाणे.

पाहुणे आले. गेझानं तक्ता पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत पाहिला. ग्लेब समोरच उभा होता. गेझानं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ओळखीच्या माणसानं रस्त्यात ओळख न दाखवल्यावर आपण पाहतो. मग गेला आणि दाखवलेल्या जागी बसला.

बीटचं सूप आलं. वाढपी गेझाच्या खांद्याशी वाकला. गेझानं दोन्ही हातांनी समोरचं ताट उचललं आणि शांतपणे पालथं घातलं.

मुत्सद्द्यांच्या दुनियेत याहून मोठा निषेध नाही. पंगतीत देशाचा मान खाली गेला, तर आवाज चढवायचा नाही, उठूनही जायचं नाही. ताट पालथं घालायचं आणि जेवण संपेपर्यंत बसून राहायचं. हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पाहिलेलं कुणीच नसतं. त्या टेबलावर त्या दिवशी पाहिलं. वाढप्याच्या हातातला डाव हवेतच राहिला. फ्रेंच राजदूतानं ऑस्ट्रेलियनाकडे पाहिलं, ऑस्ट्रेलियनानं छताकडे. दोघांच्याही डोळ्यांत संध्याकाळची तार लिहून तयार होती. लुका इग्नात्येविच आधी पांढरे पडले आणि मग सुपासारखे लाल झाले. एकटी बल्गेरियन बाई आपल्या खड्यांवर होती.

गेझा जेवणभर पालथ्या ताटासमोर बसला, आणि शेजारच्या थाई अधिकाऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिला. एक घोट पाणीसुद्धा प्याला नाही.

आणि रिम्मा? तिनं त्या ताटाकडे पाहिलं. मग तिची नजर शेजारच्या म्हाताऱ्यावर गेली आणि तिथून टेबलाच्या लांबीवरून सरळ ग्लेबवर. राजकारण शोधणाऱ्या त्या अख्ख्या पंगतीत खरं कारण तिला एकटीला कळलं.

पाहुणे गेले आणि राजदूतांनी ग्लेबला बागेत नेलं. महत्त्वाचं बोलायचं तर बागेत, भिंतींचा भरवसा नाही, ही तिथली रीत. पपईच्या झाडापाशी ते थांबले. ग्लेबला वाटलं, आता आपली चामडी सोलली जाणार.

"ग्लेब रोदिओनिच," राजदूतांचा आवाज चक्क नरम होता, "मॉस्कोतून तुम्हाला... वेगळं काही सांगण्यात आलंय का? माझ्या कानावर न घालता?"

ग्लेब पपईकडे बघत राहिला. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ म्हाताऱ्यानं आपल्या परीनं लावला.

"मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही," ते घाईनं म्हणाले. "तिकडे दोन तट पडलेत, हे मलाही कळतं. कोण कुणाचा माणूस, सांगता येत नाही आजकाल. पण एक करा. मागे कुणी असेल, तर मला नाव नको. कुणी नसेल, म्हणजे हे तुमचं तुम्हीच केलेलं असेल, तर उद्या स्वतः जाऊन मिटवा. नाहीतर मला तुम्हाला पुढच्या विमानात बसवावं लागेल."

साऱ्या नोकरीत पहिल्यांदा कुणी ग्लेबला घाबरलं होतं. प्रोखरनं टोमणा न मारता वाट सोडली. मॉस्कोचा गुप्त हात! ऐटच होती एक. आणि खरं कारण काय, तर बायको हसली.

 दुसऱ्या दिवशी न्याहारीला रिम्मानं अंडं समोर ठेवलं आणि उभी राहिली.

"मी हसते म्हणून?"

ग्लेबनं होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे तुला खरंच तसं वाटलं? त्याच्यात आणि माझ्यात?"

"तू स्वतःला बघत नाहीस, रिम्मा. मी बघतो. तू घरात मेल्यासारखी असतेस, आणि तिथं..." त्यानं अंडं बाजूला सारलं. "तिथं तू वीस वर्षांची होतेस. मला सहन होत नाही. मी काय करू, मला नाही सहन होत!"

ती भांडेल, रडेल, निदान कप आपटेल, असं त्याला वाटलं होतं. पण ती खुर्ची ओढून बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. रागावलेली दिसत नव्हती. कधी न सुचलेलं काही कुणी सुचवावं आणि माणूस त्याच्यावर विचार करायला लागावा, तशी ती दिसत होती. ग्लेबचं अंडं गार झालं.

"जा त्याच्याकडे," शेवटी ती म्हणाली. "रिकाम्या हातानं जाऊ नकोस. फ्रीजमध्ये काळी पावरोटी आहे."

मॉस्कोहून जो कुणी नवा येई, त्यानं सगळ्यांसाठी काळी पावरोटी आणि खारवलेले मासे आणायचे, अशी वकिलातीत पद्धत होती. त्यातली अर्धी पावरोटी रिम्मा कित्येक आठवडे जपून होती. कुणासाठी, हे ग्लेबनं विचारलं नाही. ती कागदात गुंडाळून तो निघाला.

गेझाचं घर मेकाँगच्या बांधावर होतं. तो बनियनवर व्हरांड्यात बसला होता. ग्लेबला पाहून आत गेला, सदरा घालून बाहेर आला. बटण तुटकंच होतं.

"बस. आज प्रभारी राजदूताकडे आलास की माझ्याकडे?"

"तुझ्याकडे."

"मग एकच सांग. काल जे झालं ते मॉस्कोचं होतं की तुझं? बुडापेस्टहून मला विचारलंय. तू मॉस्कोचं म्हणालास, तर मला कळवावं लागेल. मग ते कुठवर जाईल, ते तुझ्यामाझ्या हातात नाही."

मॉस्कोचं म्हणणं किती सोपं होतं. एका शब्दात इज्जत राहिली असती. ग्लेबनं पावरोटी टेबलावर ठेवली.

"माझं होतं," तो म्हणाला. "कुणाची सूचना नव्हती."

"मग का रे बाबा? मी तुझं काय वाकडं केलं?"

"रिम्मा तुझ्याशेजारी हसते."

गेझानं कपाळाला आठ्या घातल्या. "हसते. मग?"

"तशी ती हसत नाही, गेझा. कुणाशीच नाही. माझ्याशी तर नाहीच. मी तिला तरुणपणापासून ओळखतो. हे हसणं वेगळं आहे. मला कळतं ते."

गेझाची फुसफुस थांबल्यासारखी झाली. मग त्यानं कागद सोडला, सुरीनं पावरोटीची एक चकती कापली, मीठ लावलं आणि खाल्ली.

"घे, जेवलो तुझ्या हातचं," तो म्हणाला. "ताट सुलटं झालं. गैरसमज होता, मिटला, असं कळवतो. बुडापेस्टला एवढं पुरे."

"उपकार झाले तुझे."

"उपकार कसले?" गेझा नदीकडे बघत होता. "तुला खरं सांगू का, ग्लेब? तीन वर्षं मी धरून चाललो होतो, की ती बिचारी शिष्टाचार म्हणून हसते. चांगल्या घरची बाई, शेजारी टकलू म्हातारा आलाय, त्याचं मन राखते. मी घरी यायचो, आरशात बघायचो आणि स्वतःला म्हणायचो, गेझा, वेड्यासारखं करू नकोस. मी कधी एक पाऊल पुढे टाकलं नाही. टाकलंही नसतं." तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर कुचेष्टा नव्हती, तेच वाईट होतं. "आणि आज तिचा नवरा स्वतः येऊन मला सांगतो, की हे हसणं वेगळं आहे."

ग्लेब उठला. हात मिळवायचा राहिला.

डिसेंबरात पोलंडचा म्हातारा बदलून निघाला. लुका इग्नात्येविचनी बजावलं, "सगळं पहिल्यासारखं." ग्लेबनं तक्ता घेतला आणि गेझाचं कार्ड त्याच्या जुन्या खाचेत खोचलं. शेजारी बायकोचं नाव होतं. स्वतःच्याच हस्ताक्षरात.

रिम्मा निघताना साध्या राखाडी पोशाखात होती. निळा पोशाख कपाटातच राहिलेला पाहून ग्लेबला इतकं बरं वाटलं, की जिना उतरताना त्यानं तिचा हात धरला. तिनं धरू दिला.

सूप आलं. बल्गेरियन बाईचं एकदाचं ऑपरेशन ठरलं होतं. ग्लेबनं कान टेबलाच्या पलीकडच्या टोकाला लावले. हसणं नाही. मासे आले, तरी नाही. त्यानं मान वळवून पाहिलं. दोघं शेजारी बसले होते, आपापल्या ताटात बघत. एकमेकांशी बोलत नव्हते, एकमेकांकडे पाहतही नव्हते. रिम्माला मीठ हवं होतं. तिनं मागायच्या आधीच गेझानं ते सरकवलं. तिनं न बघता घेतलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"अगंबाई," बल्गेरियन बाई खडे बाजूला ठेवून म्हणाली, "तुमच्या मिसेस आणि सोम्लोई आज अगदीच गप्प. एवढं हसायचे, भांडले की काय?"

"नाही," ग्लेब म्हणाला. "भांडले नाहीत."

तो त्या दोघांकडे बघत राहिला. त्याच्या समोरचा मासा तसाच गार झाला होता. हस ना गं, रिम्मा, तो मनातल्या मनात म्हणत होता. मान मागे टाक, सगळ्यांना ऐकू जाईल अशी हस. एकदा तरी.